मिठागरातली बोलणी

सुजयचं लग्न ठरायला आलं होतं आणि त्यात एक खोटं शिरलं होतं. ते सांगितलं होतं मध्यस्थ दिनानाथमामांनी. सुजयनं ते दुरुस्त केलं नव्हतं, एवढंच. रोह्याच्या धनेशरावांना मामा सांगून आले होते, "मुलगा डोलवीला कंपनीत, वडलांचा मिठाचा व्यापार." प्रत्यक्षात सुजयचे वडील गुणाजी आणि आई काशीबाई कासूपलीकडच्या खाडीकाठी तीस वर्षं मिठागरात राबत होते. व्यापार करणारे निराळे.

पाहुणे रविवारी यायचे होते. सुजयनं बापासाठी नवा शर्ट आणला आणि सोबत पायमोजे. ऐन मे महिन्यात मोजे बघून गुणाजी हसले.

"हे कशाला रं?"

"पाय दिसतील, बाबा."

खाऱ्या पाण्यानं भेगाळलेले पाय होते ते. गुणाजींचं हसू मावळलं. मोजे हातात उलटसुलट करत ते "बरं" एवढंच म्हणाले. ते 'बरं' सुजयला दिवसभर टोचत राहिलं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. नवा शर्ट घातलेले गुणाजी तीनदा दारात जाऊन आले. आठ वाफ्यांत मीठ तयार होऊन बसलं होतं. एक सर आली असती तर सगळं पाण्यात गेलं असतं. शेवटी त्यांनी शर्ट काढून खुंटीला टांगला.

"पाहुण्यांना बसव. मी आलोच."

काशीबाईंनी घाईघाईत पोहे परतले, वर झाकण ठेवलं आणि पदर खोचून त्याही नवऱ्यामागं धावल्या.

तेवढ्यात रिक्षा दारात थांबली. धनेशराव, त्यांची बायको आणि रोह्याला औषधांच्या दुकानात काम करणारी त्यांची मुलगी ऋतुजा कासू स्टेशनवरून आली होती.

"आईवडील दिसत नाहीत?" धनेशरावांनी विचारलं.

'गोदामावर गेलेत' हे शब्द सुजयच्या ओठांवर आले होते. पण उघड्या दारातून लांबवरचे वाफे दिसत होते, आणि त्यांत वाकलेली दोन माणसं.

"मिठागरात हायेत," तो म्हणाला. "बाबा व्यापारी नायत. मीठ पिकवतात, दुसऱ्याच्या आगरात. मामांनी चुकीचं सांगितलं आणि मी गप्प बसलो."

धनेशरावांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. ते आभाळाकडं बघत होते.

"मीठ उघड्यावर हाय?"

"व्हय."

"मग आपण इथं बसून काय करतोय?" म्हणत त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

पाहुण्यांची वरात बांधावरून येताना बघून गुणाजींना कुठं तोंड लपवावं कळेना. "अवो पाव्हणं, काय करताव हे!"

"चाळीस वर्षं भात लावतोय," धनेशराव म्हणाले. "चिखल मला नवा नाय." आणि मीठ ओढायची लांब दांड्याची फळी उचलून त्यांनी असा काही जोर लावला की ते स्वतःच वाफ्यात बसले. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती ऋतुजा.

"जोर नका लावू," त्यांना हात देत गुणाजी म्हणाले. "फळी नुसती तरंगली पायजे. खालचा चिखल ढवळला की मीठ मळलं." त्यांनी फळी हातात घेतली आणि एका लयीत ओढली. मीठ पांढरंशुभ्र, दाणा न दाणा मोकळा, बांधाशी येऊन थांबलं. धनेशराव बघतच राहिले.

"मास्तर, परत एकदा दाखवा," ते म्हणाले. मास्तर म्हटल्यावर गुणाजींची मान आपोआप ताठ झाली.

बाकीचे घमेली भरून राशीवर नेऊ लागले. "हळू गो, पोरी, बांध निसरडा हाय," काशीबाई ओरडत होत्या. ऋतुजा सुजयच्या पुढ्यात थांबली.

"माझे बाबाही चिखलातच असतात. त्यांची लाज वाटली असती तुम्हाला?"

"सकाळी विचारलं असतं, तर वाटली असती," सुजय खरं ते बोलला.

"आणि आता?"

"आता माझीच वाटते."

 रिकामं घमेलं त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "भरा. अजून तीन वाफे आहेत."

शेवटच्या राशीवर ताडपत्री ओढली आणि वारा फिरला. चार थेंब पडले, पाचवा पडलाच नाही. ढग घाटाकडं निघून गेले आणि लख्ख ऊन पडलं. सगळे एकमेकांकडं बघून हसत सुटले.

"गंमत बघा," बांधावर बसत धनेशराव म्हणाले. "मी रोज पावसाची वाट बघतो आणि तुम्ही म्हणता, येऊ नको. देवानं ऐकायचं कुणाचं?"

"आज माझं ऐकलंन," गुणाजी म्हणाले.

काशीबाईंनी घरून पोह्यांचं पातेलं आणलं. धनेशरावांनी पहिला घास घेतला आणि चेहरा गंभीर केला.

"विहीणबाई, पोहे अळणी."

काशीबाईंनी कपाळावर हात मारला. घाईत मीठच राहिलं होतं! पण सुजयच्या कानात वेगळाच शब्द घुमत होता. विहीणबाई! त्यानं चमकून ऋतुजाकडं बघितलं. ती ताडपत्रीचं टोक उचलून राशीतलं चिमूटभर मीठ घेत होती.