कमळाच्या गाडीतलं पाणी

फोन आला तेव्हा तुळशीराम कशेळीच्या गोदामावर माल उतरवत होता. "भावोजी, ताई गेली," एवढंच मेव्हणी मेघाली बोलली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्याने गाडीतल्या बाजूच्या सीटकडे एकदाही बघितलं नाही. त्या सीटवर बसून त्याची बायको कमळा रोज निजामपुऱ्याच्या बाजारात भाजी विकायला जायची. कोनला घरी परतल्यावर त्याने गाडी अंगणात लावली, काचा चढवल्या आणि कुलूप घातलं.

दुखवट्याच्या वर्षात सण नव्हता. पण दसऱ्याला कमळा गाडी पुजायची, म्हणून त्याने हार घातला, अक्षता टाकल्या, काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. थंडी पडायला लागली आणि एका सकाळी गाडीच्या काचा आतून पांढऱ्या दिसल्या. बंद गाडीत कुणीतरी रात्रभर श्वास सोडत बसलं असावं, तशा. कमळाने पुढच्या काचेला चिकटवलेल्या देवीच्या पितळी मुखवट्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं.

"पप्पा, मम्मी आत हाय," त्याची सात वर्षांची ऋतिका म्हणाली.

तुळशीरामने गाडीपुढे हात जोडले.

बातमी गावभर पसरली आणि दिवाळीनंतर अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. बॉनेटवर झेंडूचे ढीग पडले, नारळ फुटले. लडकू भगत स्टूल टाकून बसला.

"सवाष्ण गेली बाई! तिचा जीव चाकावर बसलाय!"

"चाकावर?" शेजारच्या मोरूने विचारलं.

"मग काय तुझ्या डोक्यावर बसंल? पाणी घाला, फुलं घाला. दार उघडं ठेवू नका, वारा लागला तर निघून जाईल."

लोक पाणी घालत गेले, देवी जास्त रडत गेली. "बघा, भक्ती वाढली तसं पाणी वाढलं!" भगत ओरडला. हे मात्र अगदी खरं होतं.

ऋतिका शाळेतून आली की गाडीत शिरायची आणि दार लावून घ्यायची. आत कुबट वास यायचा. पोर खोकायला लागली, मग छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, ओलीपासून लांब ठेवा. भगत म्हणाला, "आई उराशी धरतेय, म्हणून दम लागतो. अवसेला पोरीला रातभर गाडीत झोपव, तुळशीराम. आई खोकला घेऊन जाईल."

कमळा खरंच आत असली तर? तुळशीरामने सीटवर गोधडी अंथरली.

अवसेच्या दुपारी मेघाली आली. कमळाची ही धाकटी बहीण कल्याणच्या शाळेत विज्ञान शिकवते. ऋतिका तेव्हा आजीबरोबर दवाखान्यात वाफ घ्यायला गेली होती. मेघालीने गोधडी पाहिली, गाडीचं दार उघडलं आणि पायाखालचं कार्पेट दाबलं. बोटांतून पाणी निथळलं.

"भगतबाबा, देवीचे अश्रू इथं कसे पोचले?"

"माया जास्त झाली, पोरी. वाहिली खाली."

"बरीच वाहिली की! बादली आणू का?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मेघालीने बॉनेट उघडलं, वायपरखालची जाळी काढली. आत कुजलेला झेंडू, फुगलेले तांदूळ, नारळाच्या शेंड्या.

"पावसाचं पाणी बाहेर जायला इथं भोक असतं. ते तुमच्या फुलांनी बुजलं. मग अभिषेकाचं पाणी हवा आत घ्यायच्या वाटेने गाडीत शिरतं. मोरूदादा, आत बसा बरं." तिने वरून तांब्या ओतला.

"आयला, माझा पाय भिजला!" मोरू आतून ओरडला.

"दिवसा उन्हाने त्या पाण्याची वाफ होते. काचा बंद, ती जाणार कुठे? रात्री काच आणि पितळ गार पडलं की त्यावरच पाणी धरतं." तिने बर्फाचं पाणी स्टीलच्या ग्लासात ओतून भगतापुढे ठेवलं. बघता बघता ग्लासाला बाहेरून थेंब फुटले. "यात कोण रडतंय, बाबा?"

"देवाच्या कामात शाळा आणू नये," म्हणत भगताने स्टूल उचललं. "मला शेलार गावात बोलावणं हाय."

तुळशीराम काचेला हात लावून उभा होता. "म्हणजे कमळा…"

"भावोजी, ताई इथं असती, तर तिने पोरीला या ओलीत बसू दिलं असतं का?"

त्याने गोधडी काढली. मग दोन्ही सीट आणि कार्पेट काढून उन्हात टाकलं. भोकातला चिखल तारेने ओढून काढला, दारांचे रबर पुसले. पुढे आठवडाभर दिवसा काचा खाली ठेवल्या. गाडी चालवताना तो ब्लोअर लावून बाहेरची हवा आत घेऊ लागला.

देव मानायचा त्याने मानावा. पण कुठे पाणी दिसलं, तर ते कुठून आलं हे आधी बघावं. हात जोडायला नंतरही वेळ असतो. लेकरू खोकत असेल, तर डॉक्टरकडे जायला उशीर करून चालत नाही.

आता सकाळी काचा स्वच्छ असतात. ऋतिकाची छाती मोकळी होत चाललीय. पण शाळेतून आली की ती काचेला नाक लावून आत बघते आणि विचारते, "पप्पा, मम्मी कुठे गेली?"

मम्मी गाडीत कधीच नव्हती, हे तुळशीरामने अजून तिला सांगितलेलं नाही.