स्टार नसलेले तीन निरोप

मी एक अ‍ॅप. कोपऱ्यावरच्या हॉटेलचं. एरवी कुणी बोट लावल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, पण आज राहवत नाही म्हणून बोलतोय. जरा घाईत आहे. ऐकून घ्या.

मला घडवलं एका जिद्दी मुलीनं. मालकाचं मागणं साधं होतं. जेवून झालं की गिऱ्हाइकानं स्टार द्यावेत आणि दहा खेपा झाल्या की एक जेवण फुकट. तिनं मला तसं बनवलं आणि आधी आपल्या काकांच्या हातात दिलं. काका जन्मापासून आंधळे, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. पडद्यावरचं सगळं त्यांचा फोन मोठ्यानं वाचून दाखवतो. दोन मिनिटांत त्यांनी माझी अब्रू काढली.

"अगं, हा नुसता 'बटण, बटण, बटण' म्हणतोय. कसलं बटण ते सांगायला याच्या जिवावर येतं का?"

ती खजील झाली आणि पुन्हा कामाला बसली. प्रत्येक बटणाला नाव दिलं, कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षरं मोठी केली. पाच बारीक स्टार चाचपत बसण्यापेक्षा सरळ बोलता यावं म्हणून आवाजी निरोपाची सोय केली. निरोप ठेवला की उत्तर यायचं तेही तिच्याच आवाजात: "तुमचा निरोप पोचला. धन्यवाद." काका खूश झाले. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

पण तिथेच माशी शिंकली. मॅनेजरच्या फोनवर मी मतं दाखवतो ती स्टारांच्या हिशेबानं. ज्याला स्टारच नाहीत, ते मत तळाशी 'इतर' नावाच्या कप्प्यात जातं. तिनं मॅनेजरला हे सांगितलं होतं. त्याचं लक्ष दाराशी आलेल्या भाजीच्या टेम्पोकडे होतं. "कळलं, कळलं," म्हणाला. तो कप्पा त्यानं आजवर उघडलेला नाही.

तशी माणसं गमतीची. पहिला घास गिळायच्या आत पाच स्टार देऊन मोकळी होतात, कारण लक्ष फुकटच्या जेवणावर. खरं बोलायचे ते एकटे काका.

ते नेहमी एकाच टेबलावर बसतात. दारापासून सरळ सात पावलं आणि उजवीकडे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. तिथे दुसरं कुणी बसत नाही, उकडतं म्हणून.

सातव्या खेपेला काकांनी निरोप ठेवला: "भिंतीपाशी गॅसचा वास येतोय. बघून घ्या."

आठव्या खेपेला: "वास आहेच. वेटरला सांगितलं तर म्हणाला, काका, स्वयंपाकघर आहे, वास येणारच. मी चेष्टा करत नाहीये."

नवव्या खेपेला: "आज डोकं दुखायला लागलं. कृपा करून पाइप तपासा."

तिन्ही वेळा मी तिच्या गोड आवाजात सांगितलं, तुमचा निरोप पोचला. पोचला होता तो फक्त माझ्यापर्यंत. ही लाज मी कुणाला सांगू?

आज दहावी खेप. फुकटचं जेवण म्हणून काका पुतणीच्या सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आलेत. पुतणी, म्हणजे मला घडवणारी, कामावर आहे. काकांना सकाळपासून सर्दी झालीय, नाक चोंदलंय. सात पावलं मोजून ते आपल्या जागी बसले, लेकीला भिंतीकडची खुर्ची दिली.

"आजोबा, इथे घाण वास येतोय."

"अगं, मसाल्याचा असेल. गॅसचं मी तीनदा सांगितलंय त्यांना. पोचलं म्हणून तुझ्या आईनंच सांगितलं. एव्हाना दुरुस्तही झालं असेल."

पोरीनं फ्रॉकचा घोळ नाकाशी धरलाय. आत आचाऱ्यानं सकाळपासून बंद असलेली मोठी शेगडी ओढून घेतलीय आणि लायटर कुठे ठेवला म्हणून तो ओरडतोय.

मला ओरडता येत नाही. मला बोट लागतं.

मॅनेजरनं आत्ताच मला उघडलंय. गल्ल्यापाशी उभा राहून पाच स्टारवाली मतं वाचतोय आणि खुशीत हसतोय. वाचा दादा, पण तिथेच थांबू नका. अजून खाली या. अगदी तळाशी 'इतर' लिहिलंय, त्याच्यापुढे तीनचा आकडा आहे. एकदा बोट लावा. बाकीचं काका सांगतील.

आचाऱ्याला लायटर सापडलाय.

दादा, फोन खिशात टाकू नका.