कोपरा फाडलेलं कार्ड

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो, घरी आलेली पत्रं ओवून ठेवायची. स्वभावाने बोचरी आहे, हे आधीच सांगते. सुरतेच्या लिंबायतमध्ये शालिग्राम बोरसे यांनी मला वाकवलं, खाली लाकडाची चकती बसवली आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं.

ते सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात साड्यांची डिझाइनं काढत आणि घरी लिहीत. १९९६ साली त्यांची कादंबरी आली. मागावर राबून आलेले नवरे घरी बायकांना कसे मारतात, हे त्यांनी लिहिलं, वर चित्रंही काढली. झालं, समाजाची अब्रू वेशीवर टांगली म्हणून शिव्यांची पत्रं सुरू झाली, बहुतेक निनावी. कामरेजच्या एका बाईने मात्र लिहिलं, 'हे माझंच आहे.' शालिग्राम दोन्ही प्रकारची पत्रं सारखीच ओवत. त्यांची पत्नी सरलाबाई म्हणायच्या, "जाळा ना ती." ते ऐकत नसत. मी मात्र भरत चालले म्हणून मिरवत होते, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांनी एका दुपारी सरलाबाईंचा भाऊ आनंदा अमळनेरहून रडतच दारात आला. कादंबरी आल्यापासून त्याने या घराशी संबंध तोडले होते. हातात कोपरा फाडलेलं कार्ड होतं. असं कार्ड म्हणजे मृत्यूची खबर. ते वाचून लगेच फाडतात, माझ्यापर्यंत कधी येत नाही. त्यावर लिहिलं होतं, शालिग्राम बोरसे वारले. खाली नाव नव्हतं.

"आनंदा, तुना दाजी तर सकायले डबा लिसन गयात," सरलाबाई म्हणाल्या.

दोघांनी टपालाचा शिक्का पाहिला. तीन दिवसांपूर्वीचा होता. म्हणजे खबर खोटी. पण लिहिणाऱ्याला ती खरी करायची असली तर? पाचला येणारे शालिग्राम साडेसहापर्यंत आले नाहीत.

येरझारा घालत आनंदा माझ्यापाशी थांबला. एकेक पत्र काढून वाचू लागला. त्याची मान खाली जात राहिली. तळाच्या एका निनावी पत्राशी तो अडला.

सातला शालिग्राम आले. बस बंद पडली होती. आनंदाने त्यांचे पाय धरले आणि ते पत्र पुढे केलं.

"दाजी, हाई पत्र मनं शे."

"माले ठाऊक शे. अक्षर मी तवयच वळखं व्हतं. सरलाले मी सांगं नही."

सरलाबाईंनी ते ऐकलं. मग भावाचंही ताट वाढलं.

आता मी गंजले आहे, मित्रांनो. पत्रं कुणी लिहीत नाही. तरी रागाने कुणाला काही लिहाल, तर खाली नाव घाला. आणि ज्याच्यावर रुसलात, त्याच्या घरी तो हयात असतानाच जा. आनंदाला दाजी जिवंत भेटले. सगळ्यांना भेटत नाहीत.