दुरुस्त केलेला डबा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळात माईकने घूंऽऽ केलं की सगळ्या माना जगन्नाथकाकांकडे वळत. काका उठत, एखादी वायर हलवत आणि आवाज बंद होई. नोकरीतही जन्मभर त्यांनी हेच केलेलं: अ‍ॅम्प्लिफायरमधला नको तो आवाज हाकलायचा. आणि त्यांची एकुलती एक लेक अंतरा नेमके त्याच आवाजांचे कार्यक्रम ठेवायची! एकाही कार्यक्रमाला काका गेले नव्हते. "आवाजच ऐकायचा तर घरात मिक्सर आहे की," म्हणायचे. अंतरा हसायची, पण तिला ते लागायचं.

या खेपेला मात्र कलाकारच घरी उतरली. ओसाकाच्या हारुकोबाई, साठी उलटलेल्या, बोलायला अगदी मऊ. जपानी नॉइझ संगीतात, म्हणजे खरखर-घरघरीतूनच रचलेल्या संगीतात, त्यांचं नाव मोठं. वर्षभर पिच्छा पुरवून अंतराने त्यांना ओकलंडच्या एका जुन्या गोदामात वाजवायला राजी केलं होतं. बाईंनी पोहे पुन्हा मागून घेतले, तेव्हाच काका खूश झाले.

जेवण करून बाई जरा आडव्या झाल्या. टेबलावर त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आत सर्किट, आणि त्यातून सारखी घरघर. काकांनी झाकण उघडलं. एक जोड सुटलेला, अर्थिंगचा पत्ता नाही. पाहुण्यांची वस्तू बिघडलेली आणि आपण नुसतं बघत बसायचं? ही काय रीत झाली? त्यांचे हात शिवशिवलेच. त्यांनी सोल्डर केलं, वायर जोडली, आणि डबा गुणी बाळासारखा गप्प झाला.

"बाबा, हे काय केलंत तुम्ही?" अंतरा किंचाळली. "तो लूज जोड हेच त्यांचं वाद्य आहे! लोक लॉस एंजेलिसहून ड्राइव्ह करून येतायत यार, आणि शो आत्ता चारला आहे!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सोल्डर काढलं, वायर तोडली. पण जुनी घरघर काही परत येईना. दुरुस्तीत त्यांचा हातखंडा होता, तोच बिघाड पुन्हा करणं मात्र त्यांना येत नव्हतं.

हारुकोबाई उठून आल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी काकांचं बोट धरून उघड्या जोडावर ठेवलं. घूंऽऽ! माणसाचं अंग घरभरच्या विजेची गुणगुण पकडतं, हे काकांना ठाऊक होतं. याच कारणासाठी त्यांनी कितीजणांना 'हात लावू नका' म्हणून दटावलं होतं.

"स्टेजवर माझ्याशेजारी बसा," बाई म्हणाल्या.

"मी? अहो, मला काही वाजवता येत नाही."

"बोट आहे ना?"

गोदाम भरलं होतं. काका स्टेजवर बाईंशेजारी, डब्यातल्या जोडावर बोट टेकून बसले. लोक कानात बोळे घालून उभे होते. बाईंनी एक बारीक शिट्टी सोडली, तिच्यावर खरखर चढवली, मग पत्रे कोसळावेत तसा गडगडाट. काकांच्या छातीत तो दणदणला. आधी ते आक्रसून बसले. मग त्यांच्या सवयीच्या कानांना कळू लागलं, की ही बाई गोंधळ घालत नाही. एक थर काढला की दुसरा अलगद उघडा पडत होता. काकांनी जन्मभर ज्यांना दारातून पिटाळलं, त्या एकेका आवाजाला ती नावानिशी ओळखत होती. केवढी ही साधना! आदराने त्यांचे डोळे भरून आले.

आणि बाईंनी एकदम सगळं बंद केलं. उरली फक्त काकांच्या बोटाची गुणगुण.

सवयीने बोट उचललं जाऊ लागलं. काकांनी कडेला उभ्या असलेल्या अंतराकडे पाहिलं. तिच्या गालावर पाणी होतं. तिने हळूच मान हलवली: उचलू नका, बाबा.

काकांनी बोट होतं तिथेच घट्ट दाबलं. आवाज वाढला.