रेघेतली रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना कणमोजक आहे. नाव भारदस्त असलं तरी अंगाने बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढाच! माझं आयुष्य गेलं एका जहाजाच्या अरुंद खोलीत, फळीला पट्ट्याने बांधलेलं. जहाजाच्या पुढच्या खांबावरून एक नळी माझ्यापर्यंत यायची. तिच्यातून मी समुद्रावरची हवा ओढायचो. हवेतले अतिसूक्ष्म कण मी स्पिरिटच्या वाफेत न्हाऊ घालायचो. मग ते थेंबांसारखे गुबगुबीत व्हायचे आणि दिव्यासमोरून जाताना एकेक मोजले जायचे.

आमच्या शास्त्रज्ञ बाईंना एकच ध्यास होता. समुद्रातल्या इवल्याशा जीवांपासून एक वायू हवेत येतो. उन्हात त्याचं रूप पालटतं आणि हवा स्वच्छ असली, तर त्यातून नवे कण जन्मतात. त्यांतलेच काही वाढून ढगांच्या थेंबांचं बीज होतात. तो जन्म बाईंना एकदा, फक्त एकदा बघायचा होता. प्रत्येक सफरीतून त्या हात हलवत परतल्या होत्या, आणि ही त्यांची शेवटची सफर होती.

आमचा वैरी म्हणजे धूर. तो नळीत शिरला की माझा आकडा उगाच उड्या मारायचा. म्हणून स्वयंपाकघराचा वास आला की बाई नळी बंद करायच्या. आचारीकाका म्हणायचे, "हे यंत्र आहे का माझी सासू? कांदा परतला की नाक मुरडतं."

एका दुपारी पावसाची सर हवा धुऊन गेली. लख्ख ऊन पडलं. माझा आकडा हळूहळू चढू लागला. नेमका तेव्हाच खोलीत कांद्याचा वास दरवळला. बाईंनी कपाळाला आठ्या घालून नळी बंद केली. अहो, वास जिन्यातून आला होता, नळीतून नव्हे! पण मला कुठलं तोंड?

तासाभरानेही वास जाईना, तेव्हा काकांना झापायला बाई वर गेल्या, तर वारा थेट तोंडावर आला. वारा समोरून, म्हणजे धूर मागे! त्या धावत आल्या आणि नळी उघडली. कण भरभरून आले. पण त्यांची मापं काढणारं माझ्या शेजारचं यंत्र सांगत होतं, की हे तर चांगले वाढलेले आहेत. संध्याकाळपर्यंत ते वाढतच राहिले. जन्म मात्र हुकला होता.

काका अगदी खजील झाले. बाई म्हणाल्या, "कांद्याचा काय दोष? मी नाकाचं ऐकलं, वाऱ्याला विचारलंच नाही."

माझ्या आकड्यांची पडद्यावरची रेघ, नळी बंद होती तेवढ्या वेळापुरती, मधेच तुटली होती. टोकं जोडून टाका, कुणाला कळतंय, असं कप्तानांनी सुचवलं. बाई बराच वेळ त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवत राहिल्या.

"मला कळेल ना," त्या हळूच म्हणाल्या. "मी पाहिलंच नाही, तर पाहिलं कसं म्हणू?"

मित्रांनो, आता मी कपाटात आहे. बाई घरी आहेत. ती जागा अजून तशीच रिकामी आहे. तुमच्यापैकी कुणीतरी समुद्रावर जा. काही बंद करण्याआधी जरा बाहेर डोकावून बघा. आणि तो जन्म दिसलाच, तर आधी बाईंना कळवा.