उपाशी कोकराचा नंबर

आता सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. वडूजच्या स्टँडसमोर चहा पिता पिता सांगायला लागलो, तर चहावाल्यानं गाळणी हातात तशीच धरली आणि अर्धा चहा भांड्याबाहेर ओतला.

माझा उजवा हात साधा नाही. कोकराच्या पाठीवर नुसता ठेवला की आत मटण किती, चरबी किती, हाड किती, सगळं बोटांना कळतं. एकदा एसटीच्या गर्दीत तो चुकून एका माणसाच्या पाठीवर पडला. म्हटलं, "पाव्हणं, डाव्या अंगाला चरबी धरलीया, तूप कमी करा." तो माणूस मधल्याच फाट्यावर उतरून डॉक्टरकडे पळाला.

"आन् डॉक्टरनं तुमचा हात कापून दवाखान्यात लावला असंल," बाकावरचा ज्ञानू म्हणाला. कोरेगावकडचा हा गडी, द्राक्षाच्या कामाला तासगावला निघालेला. गाडीला उशीर होता म्हणून ऐकत बसला होता.

"ऐक की रं गड्या," मी म्हटलं.

तर या हाताची ख्याती ऐकून मला इथल्या जनावरांच्या प्रदर्शनात पंच म्हणून बोलावलं. वर्ग होता मटणाच्या कोकरांचा. त्याचा नियम मोठा कडक. पहिलं येईल ते कोकरू तिथंच लिलावात खाटकाला द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कापून, सोलून सगळ्यांसमोर टांगायचं. पंचाचा हात खरा की खोटा, ते तिथं गावाला दिसतं. बाकीची कोकरं मालकाबरोबर घरी.

रांगेत चंद्राबाईचं कोकरू होतं. माडग्याळी जातीचं, पोपटासारखं वाकडं नाक, अंगावर तांबडे पट्टे. त्याची आई ते जन्मताच मेली. चंद्राबाईनं ते बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. नवरा गेलेला, पोरगा जयराज पलटणीत. घरात बाई आणि कोकरू, दोनच जीव. जयराज सुट्टीवर आला आणि त्यानं कोकराचं नाव प्रदर्शनात देऊन टाकलं. बाई रडली, तर म्हणाला, "आये, मेंढरू हाय ते, सून न्हवं." आणि आता रिंगणात परेडला उभं राहावं तसा छाती काढून तो कोकराला धरून उभा होता.

मी एकेका कोकराची पाठ दाबत चाललो. हंबीररावांचं कोकरू दिसायला राजा. पण त्यांनी काय केलं होतं? सगळेच करतात ते. रात्री मीठ चारायचं आणि सकाळी पोट फुटेस्तोवर पाणी पाजायचं, म्हणजे अंग भरल्यासारखं दिसतं. मी कूस दाबली, तर आत टँकर हलल्यासारखा आवाज. तोंडातून अशी चूळ आली, की पुढच्या रांगेतल्या सरपंचांचा फेटा भिजला.

मग चंद्राबाईच्या कोकरापाशी वाकलो. बाई दोरीच्या पलीकडून पुढं झाली. हळूच म्हणाली, "आवं आप्पासो, दोन दिस त्याच्या पोटात कायबी न्हाई. जयराजची नजर चुकवून उपाशी ठिवलंय. म्हनलं वाळंल, मागं पडंल. तुमी बघा, हाडं लागतील हाताला."

मी हात ठेवला.

बाईनं मेंढरं वाढवलेली, बाजारात कधी विकलेली नव्हती. दोन दिवसांत मटण झडत नाही. झडतं फक्त पोट. पोट आत गेलं आणि पाठ फळीसारखी सरळ झाली. कूस वर ओढली गेली, मांड्या उठून दिसायला लागल्या. बाकीची सगळी पाण्यानं लोंबत होती आणि हे एकटं नुसतं मटण होऊन उभं होतं. कंबरेवर बोटं रुतेनात. तिनं आपल्या हातानं त्याला पहिलं करून ठेवलं होतं.

कोकरानं माझा अंगठा तोंडात धरला आणि चोखायला लागलं. दूध येईल असं वाटलं असावं त्याला.

"लागली का हाडं?" बाईनं विचारलं.

आता पंचानं माईकवर जाऊन नंबर सांगायचे आणि प्रत्येकाची कारणंही सांगायची, असा रिवाज. मी गेलो. डोळे मिटले. आणि या हातानं आयुष्यात एकदाच खोटी साक्ष दिली. म्हटलं, "पैला नंबर, हंबीरराव! चंद्राबाईचं कोकरू, कंबर पडलेली, मांडी सुटलेली, शेवटचा नंबर!" जयराज माझ्यावर धावून आला, चौघांनी धरला. दुसऱ्या दिवशी हंबीररावांचं कोकरू कापलं, तर एवढं पाणी निघालं की गावची गटारं धुऊन निघाली. माझी लाज गेली. जाईना का.

आणि चंद्राबाईचं कोकरू अजून आहे. आता एवढा थोरला मेंढा झालाय, की बाई त्याच्या पाठीवर बसून बाजाराला येते. मी वाटेत दिसलो की थांबतो, वाकतो आणि माझा अंगठा...

"खोटं," ज्ञानू म्हणाला.

हसत नव्हता तो. कप त्यानं बाकावर ठेवला.

"शेवटचा नंबर माज्या कोकराचा हुता, आप्पासो. मी तवा हितं मामाकडं हुतो. ही मेंढी हाय का मांजर, असं तुमी माईकवर इचारलं आन् समदं रिंगण मला हसलं. मी कसा इसरंन? चंद्राबाईचं पैलं काढलंसा तुमी. किती येळ कारणं सांगत हुता, पाठ अशी, मांडी तशी. दुसऱ्या दिवशी टांगलं तवा गर्दीत हात वर करून म्हनत हुता, बघा, ह्यो हात कवा चुकत न्हाई. आन् म्हातारी तुमच्या मागंच उबी हुती."