मला नुसती यादी म्हणू नका

मित्रांनो, मला सगळे यादी म्हणतात आणि तिथेच माझे बिनसते. यादी काय, एकाखाली एक नावे लिहिली की झाली. आमच्या कपाटात औषधांचा जाडजूड कोश आहे, त्याला विचाराल ते सविस्तर सांगतो. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता आहे. टेबलावरच्या नोंदवहीला काल काय घडले ते सगळे ठाऊक असते. मी मात्र एक जुनी सूची आहे. हवी ती गोष्ट कुठे मिळेल, हे सांगणे माझे काम. आणि माझ्याकडे मिळतात ती माणसे.

या लहानशा रुग्णालयात गरज पडली तर रक्त द्यायला येणाऱ्या तीनशे बारा लोकांची कार्डे माझ्या पोटात आहेत. सुताराने एका मोडक्या खाटेच्या फळ्यांतून माझी लांबट पेटी केली. फळी थोडी कमी पडली, म्हणून मी अजून जरा डुगडुगते.

कार्डे लावली मोठ्या सिस्टरांनी. रक्तगटाप्रमाणे आठ कप्पे केले, पण कप्प्यात नावे आडनावाप्रमाणे लावली नाहीत. रुग्णालयात चालत यायला कोणाला किती मिनिटे लागतात, ते पाहून लावली. जवळचा पुढे, लांबचा मागे. मिनिटांचा आकडा कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचा, कारण माणसे घरे बदलतात. दर महिन्याच्या एक तारखेला त्या मनगटावर घड्याळ बांधून निघत आणि दारोदार चालत जात.

"तुमच्या गल्लीत खणून ठेवलंय हो," त्या कोणाला तरी सांगत, "म्हणजे तुम्ही आता सहाचे नऊ झालात!"

मग त्या निवृत्त झाल्या. नवा कारकून आला. माणूस सरळ, कामाला वाघ, आणि टापटिपीचे भारी वेड. एका दुपारी त्याने माझी कार्डे टेबलावर ओतली आणि प्रत्येक कप्पा आडनावाच्या वर्णानुक्रमाने लावला. मग समोरची बाजू तेवढी संगणकात उतरवून घेतली.

"आता कशी शिस्तीत दिसते यादी!" तो म्हणाला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. खोटे कशाला बोलू, मलाही नटल्यासारखे वाटले. पाठीवरची पेन्सिल कोणीच पाहिली नाही. मला कपाटावर चढवले आणि माझ्या डोक्यावर एक सुकलेली कुंडी आणून ठेवली. तशीच मी वर्षभर होते.

एका सकाळी दहाच्या सुमारास एक बाई बाळंत झाली आणि तिचा रक्तस्राव थांबेना. तिचा रक्तगट दुर्मीळ, बी निगेटिव्ह. रक्तपेढीची गाडी यायला दोन तास लागणार होते.

"दोन तास नाहीत आपल्याकडे," डॉक्टरीणबाई कारकुनाला म्हणाल्या. "कोणीतरी आत्ता हवंय."

त्याने संगणकातल्या यादीत वरून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. पहिले गृहस्थ गाव सोडून गेले होते. दुसरे वारले होते. फोन त्यांच्या बायकोने उचलला. तिसरा आनंदाने निघाला, पण त्याला पोहोचायला तास लागणार होता. बाहेर बाकावर त्या बाईची थोरली बहीण बाळाला घेऊन बसली होती.

"मिळतंय ना हो कोणी?" तिने विचारले.

कारकुनाने मोठ्या सिस्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज मला कपाटावरही ऐकू आला.

"अरे, वरून काय वाचत बसलायस? कार्डं उलटी कर! सगळ्यात छोटा आकडा बघ!"

त्याने मला ओढून खाली घेतले. कुंडी फुटली. बी निगेटिव्हची चौदा कार्डे होती. त्याने ती एकेक उलटली. सर्वांत छोटा आकडा होता तीन. तो कोपऱ्यावरचा किल्लीवाला होता, वर्णानुक्रमात शेवटून दुसरा. कारकून फोन न करता तसाच धावत सुटला. किल्लीवाला दुकान उघडे टाकून आला, तेव्हा त्याच्या हातात कानस तशीच होती. त्याच्यामागून शाळेत घंटा देणाऱ्या मावशी आल्या. त्यांचा आकडा होता सात.

दोघांचे रक्त तपासून, जुळवून तिला चढवले आणि बाई वाचली. दुपारी तिने बाळाला जवळ घेतले, तेव्हा मला रडू आले असते, पण लाकडाला ते जमत नाही.

संध्याकाळी मोठ्या सिस्टर आल्या. त्या आणि कारकून समोरासमोर बसून माझी कार्डे पुन्हा लावू लागले. त्या रागावल्या नाहीत. कारकून मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, मी सुधारणा केली."

"यादी सुधारलीस रे," त्या म्हणाल्या, "पण माणसांना भेटला नाहीस."

मित्रांनो, तुमच्या घरीही नावांची एखादी जुनी वही असेल. ती झाडापुसाच, पण तिच्यातल्या माणसांकडे अधूनमधून चालत जा. भेटीगाठी थांबल्या की माझ्यासारखीची नुसती यादी होते.

आता दर एक तारखेला कारकून घड्याळ बांधून निघतो. त्याने स्वतःचेही रक्त तपासून घेतले. निघाला ए पॉझिटिव्ह, अगदी सर्रास सापडणारा. तरी त्याचे कार्ड त्या कप्प्यात सर्वांत पुढे आहे, आणि पाठीवर पेन्सिलीने लिहिले आहे: शून्य मिनिटे.